दर तिसऱ्या दुपारी

त्या शनिवारी दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि मी आधीच वैतागलेली होते. दुसऱ्या दिवशी ईस्टर. अख्खं व्होलोस शहर मेणबत्त्या आणि कोकराचं मांस घेऊन घराकडे पळत होतं. प्रोकोपिस काका, म्हणजे शोभेच्या माशांच्या या दुकानाचे मालक, अकरालाच "मिर्सिनी, तू बघ हं" म्हणून सटकले होते. आणि हा माणूस मात्र वीस मिनिटं झाली तरी एका टाकीसमोरून हलत नव्हता. हात मागे बांधलेले, नखं निळी, मनगटावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे.

"हा इथं कधीपासून आहे?" त्यानं विचारलं.

"गुरुवारपासून."

"आणि मी?"

"तुम्ही वीस मिनिटं. पण तो तुमच्यापेक्षा हलतो तरी."

तो हसला. वळून नाही, काचेकडे बघतच... पण काचेत मला ते हसू दिसलं.

मासा होताच तसा. टँग जातीचा, तळहाताएवढा. अंग आकाशी, तोंड काळं, पाठीवरचा पर पिवळाधमक. टाकीवर काकांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता – 'विकायचा नाही. पंधरा दिवस निरीक्षणाखाली.' काकांचा हा नियम म्हणजे नियम. समुद्रातून पकडलेला, विमानातून पिशवीत आलेला मासा लगेच कुणाच्या घरी द्यायचा नाही. तो काय दुखणं घेऊन आलाय ते आधी कळू द्यायचं.

मग तो सांगायला लागला. त्याचं नाव आर्गिरिस, बंदरापलीकडच्या कारखान्यात होड्या रंगवायचं काम. त्याचे बाबा अनेस्तिस तीस वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. एकदा मालदीवजवळ जहाज नांगरलेलं असताना त्यांनी शिडीवरून हाच मासा पाहिला होता. ती गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती, की घरातल्या सगळ्यांना पाठ होती. मागच्या शरद ऋतूत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि बोलणंच गेलं. आता ती गोष्ट सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून आर्गिरिसनं जानेवारीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी उभी केली, दगड आणले, दोन कोळंब्या सोडल्या. फक्त मासा राहिला होता. आणि उद्या बाबांचा नामदिवस, वाढदिवसासारखा साजरा होणारा नावाचा सण, कारण अनेस्तिस म्हणजे पुन्हा उठलेला, आणि त्या नावाच्या माणसाचा नामदिवस ईस्टरलाच येतो.

खरं सांगते, त्यानं गयावया केली असती तर मी सरळ 'नाही' म्हटलं असतं. गयावया करणाऱ्यांना मी रोज वाटेला लावते. पण तो म्हणाला, "हरकत नाही, पंधरा दिवसांनी येतो. बाबांना सांगेन, जहाज अजून बंदराला लागायचंय." आणि परत तसंच काचेत हसला. त्या हसण्यापायी मी अक्कल गहाण टाकली. नखानं चिकटपट्टी खरवडली, कागद काढला आणि एप्रनच्या खिशात कोंबला.

एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी त्या माशाला दगडाला अंग घासताना पाहिलं होतं. एकदा नाही, दोनदा. मासा उगाच अंग घासत नाही. त्याला काहीतरी टोचत असतं. मला ते माहीत होतं आणि तरी मी पिशवीला गाठ मारली.

बुधवारी दुपारी दुकानाचं शटर खाली ओढत असताना तो धावत आला. श्वास लागलेला, हातात मोबाइल. "ठिपके आलेत," एवढंच म्हणाला.

"कसे ठिपके? मीठ शिंपडल्यासारखे, की पीठ चाळल्यासारखे?"

तो गोंधळला, मग मोबाइलमधल्या चित्रफितीकडे नीट बघून म्हणाला, "मीठ. मोजता येतील असे."

मी श्वास सोडला. पीठ असतं तर हातात काही तासच असतात. तो रोग आधी कल्ल्यांत शिरतो, अंगावर दिसेपर्यंत मासा धापा टाकत असतो. मिठासारखे मोजके ठिपके, खाणं चालू, उजेडाला घाबरत नाही... म्हणजे वेळ होता. मी औषधांच्या कपाटाकडे बघितलं. तांब्याचं औषध आहे, पण ते मोठ्या टाकीत घातलं तर कोळंब्या आणि दगडांतले बारीकसारीक जीव मरतील, आणि या जातीच्या माशालाही तांबं सोसवत नाही. मी दोन रिकाम्या छोट्या टाक्या काखोटीला मारल्या आणि म्हटलं, "चला. तुमच्या घरी."

दुपारी तीन ते पाच आमच्याकडे कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. शहर झोपतं. आर्गिरिसच्या इमारतीचा जिना आम्ही चोरासारखा चढलो. वर त्याची आई, स्तामातियाकाकू, दारातच उभ्या होत्या. मासा आजारी असो नाहीतर जग बुडो, पाहुण्याला आधी बशीत चमचाभर चेरीचा मुरंबा आणि गार पाणी. काचा लावलेल्या गॅलरीत अनेस्तिसबाबा खुर्चीत बसलेले. आतल्या मोठ्या टाकीकडे नजर, आणि उजव्या हाताचं एक बोट खुर्चीच्या दांड्यावर वाजत होतं – टक, टक, टक.

मी कानाशी घड्याळ धरल्यासारखी ऐकत राहिले. मग टाकीकडे बघितलं. ते बोट माशाच्या कल्ल्यांबरोबर वाजत होतं. प्रत्येक श्वासाला एक.

"कधीपासून करतात हे?"

"रविवारपासून," आर्गिरिस कुजबुजला. "आम्हाला वाटलं, नुसतेच वाजवतायत."

मी मोजलं. मिनिटाला नव्वद. थोडं जास्त, पण घाबरण्यासारखं नाही. मी बाबांसमोर गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, "आजपासून तुम्ही माझे डॉक्टर. असंच वाजवत राहा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाचा एकच कोपरा हलला, पण तो हसण्याचाच होता.

मग मी सगळ्यांना कुजबुजत समजावलं. हा जो किडा आहे, तो माशाच्या अंगावर काही दिवस राहतो, मग गळून काचेला, तळाला चिकटतो. तिथं एकाचे शेकडो होतात आणि परत मासा शोधत निघतात. त्याला त्यासाठी तीन दिवसांहून जास्त लागतात. आपण बरोबर बहात्तर तासांनी माशाचंच घर बदलायचं. नवी टाकी, नवं पाणी. जुनी टाकी व्हिनेगरनं धुवायची, उन्हात कडकडीत वाळवायची. असं चार वेळा. किड्यांची पोरं बाहेर येतील तेव्हा घरात कुणी नसेल.

"आणि मोठी टाकी?" त्यानं विचारलं.

"ती शहात्तर दिवस माशाविना ठेवायची. तोवर कप्तान इथंच, गॅलरीत."

कप्तान हे नाव काकूंनी ठेवलं होतं. जहाजावर आयुष्यभर कप्तानाचं ऐकलं, आता घरी याचं ऐका, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

आर्गिरिसनं बाह्या सरसावल्या आणि सरळ टाकीत हात घातला. मी झडप घालून त्याचं मनगट धरलं. "हातानं नाही. जाळीनंही नाही. त्याच्या शेपटीच्या मुळाशी पातं असतं. बोट कापेल." मग आम्ही प्लास्टिकच्या जगनं कप्तानाला हळूच उचललं. मासा नव्या टाकीत गेला तरी मनगट माझ्याच हातात होतं... दांड्यावरची टकटक थांबली. बाबा आमच्याकडे बघत होते. मी हात सोडला आणि उगाचच पाण्याचा खारेपणा परत मोजला.

शनिवारी दुपारी तीन. मंगळवारी दुपारी तीन. मी दुसरं काही मोजेनाशीच झाले. पाणी आदल्या दिवशी कालवायचं, तितकंच ऊन, तितकंच खारं करायचं, हे त्याला मी फोनवर सांगू शकले असते. सांगितलं नाही. गेले आणि स्वतःच्या हातानं केलं. कुजबुजीत बोलायचं म्हणजे जवळ यावं लागतं, हे काही मी ठरवलेलं नव्हतं.

शनिवारी काकूंनी ईस्टरची उरलेली लाल अंडी काढली. टोकाला टोक आपटायचं, ज्याचं फुटेल तो हरला. माझं फुटलं. आर्गिरिस म्हणाला, "हरलीस," आणि मग जीभ चावून, "हरलात." मी म्हटलं, अंडं फुटलंच आहे तर आता 'तू'च राहू दे. तो मान खाली घालून अंड्याचं कवच सोलत राहिला. कानाच्या पाळ्या मात्र अंड्याइतक्याच लाल झाल्या होत्या.

ठिपके मंगळवारपर्यंत गेले. बाबांचं बोट आता सावकाश वाजत होतं आणि कप्तान समुद्री शेवाळाच्या पट्ट्या अधाशासारखा ओढून खात होता. जिन्यात आर्गिरिस म्हणाला, "तू नसतीस तर तो गेला असता. बाबांना परत कसं उठवलं असतं मी... तुझे उपकार मी विसरणार नाही."

उपकार. हा शब्द प्रत्येक वेळी मला काट्यासारखा टोचायचा. एप्रनच्या खिशातला कागद मी फेकला नव्हता. रोज हात लागायचा. सांगायचं, असं रोज ठरवायचे. पण सांगितलं की दर तिसऱ्या दुपारी तीन वाजणं संपेल, हेही कळत होतं. म्हणून मूग गिळून बसायचे. मला तो आवडत होता, इतका की दुकानात निळ्या रंगाचा डबा दिसला तरी छातीत धडधडायचं. आणि त्याच्या डोळ्यांतली मी खरी मी नव्हते.

शुक्रवारी जिन्यातच टकटक ऐकू आली. वेगानं. दाणे सांडल्यासारखी.

मी उरलेल्या पायऱ्या धावत चढले. कप्तान पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होता. बाबांचं बोट दांड्यावर थरथरत होतं, डोळे माझ्यावर लागलेले. आर्गिरिस पांढराफटक. "सकाळी ठीक होता," तो म्हणाला. माझ्या मनात एकच शब्द आला – पीठ. म्हणजे दोन रोग एकाच वेळी होते आणि मी एकच ओळखला. मी पडदा ओढायला लावला, बॅटरी आडवी धरली. पिठाचा थर असेल तर तिरप्या उजेडात अंग सोनेरी धुळीसारखं चमकतं.

अंग स्वच्छ होतं. पाणी मात्र चमकत होतं. वर इंद्रधनुष्याचे तुकडे तरंगत होते.

मी बोट बुडवून वास घेतला. ऑलिव्हचं तेल. पाण्यावर तेलाची साय धरली होती. खाली हवाच पोचत नव्हती.

"आर्गिरिस, जग दे." नवी टाकी तयारच होती, आज घर बदलायचाच दिवस होता. कप्तानाला हलवलं, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड पूर्ण जोरात सुरू केला आणि आम्ही बाबांच्या हाताकडे बघत राहिलो. दांड्यावरचं बोट... हळूहळू... सावकाश होत गेलं. तेव्हा काकू पुढे आल्या.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "दृष्ट काढली त्याची. पेल्यात पाणी, तेलाचे थेंब, मंत्र. थेंब विरघळले, म्हणजे दृष्ट लागलीच होती. मग माणसाला ते पाणी पाजतात. त्याला कसं पाजणार? म्हणून टाकीत ओतलं. एकदा करून मन भरलं नाही, तीनदा केलं."

आर्गिरिस आईवर कडाडला, कुजबुजतच कडाडला. बाबांचा जीव त्या माशात अडकलाय हे माहीत असून हे सुचलंच कसं, असं काहीबाही बोलला. काकूंनी मान खाली घातली नाही. चुकलं म्हणाल्या, घाबरले होते म्हणाल्या. तो थांबला, कपाळ पुसलं, मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे, आई. निदान लगेच बोललीस."

त्या दिवशी मी मुरंबा बशीतच ठेवून निघाले.

सोमवार शेवटचा. चौथ्यांदा घर बदललं. कप्तानाच्या अंगावर एक ठिपका नव्हता, पर ताठ, भूक राक्षसासारखी. बाबा खुर्चीतच डुलकी काढत होते, बोट शांत. आर्गिरिस मला खालच्या दारापर्यंत सोडायला आला. त्यानं काहीतरी ठरवलेलं होतं, मला दिसत होतं. त्यानं नखांचा रंग पहिल्यांदाच घासून काढला होता.

"मिर्सिनी, मला तुला काही..."

"आधी मी," मी म्हटलं. नाहीतर नंतर माझी हिंमत झाली नसती.

मी खिशातून कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. सुरकुतलेला, चिकटपट्टीला धूळ लागलेली. शुक्रवारचं दगडाला अंग घासणं सांगितलं, दोनदा पाहिलं होतं तेही सांगितलं. माहीत असून गाठ मारली, हे सांगितलं. आणि सगळं सांगतेच आहे तर हेही सांगते, म्हटलं, की मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून, काचेत हसलास तेव्हापासून. त्यामुळेच कागद काढला आणि त्यामुळेच इतके दिवस गप्प राहिले. पहिली चूक होती. दुसरी लबाडी होती.

तो बराच वेळ कागद वाचत राहिला. त्यावर वाचण्यासारखं तसं एका ओळीचंच होतं.

"माशाचं नाही मला एवढं," तो शेवटी म्हणाला. "मीही घाईच केली होती. पण बारा दिवस मी तुझे आभार मानत होतो आणि तू ते घेत होतीस."

तो वर गेला. दार आपटलं नाही, दुपारची वेळ होती.

दुकानात परत येऊन मी काकांनाही सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. नुसतं म्हणाले, आता नवा कागद तूच लिही, तुझ्या अक्षरात, म्हणजे तुला फाडवणार नाही. मी लिहिला. मंगळवार गेला. बुधवारी मी तीनदा टाक्या पुसल्या, त्यातल्या दोनदा त्याच त्या. रडलेही. खोटं कशाला बोलू, आता खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

गुरुवारी दुपारी काका जेवायला गेले, मी शटर अर्धं ओढलं आणि आतच बसून राहिले. बाहेर रस्त्यावर मांजरसुद्धा नव्हतं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे तीन वाजलेले मला नेमके कळले. तेवढ्यात शटरखाली दोन बूट दिसले. रंगाचे डाग पडलेले. मग तो वाकून आत आला.

हातात जग नव्हता, बादली नव्हती.

"कप्तान बरा आहे ना?" मी विचारलं.

"बरा आहे."

"मग... आज हलवायचं काही नाही."

"माहीत आहे. आज तिसरा दिवस आहे, एवढंच."

तो समोरच्या स्टुलावर बसला. कागद त्यानं इस्त्री केल्यासारखा सपाट केला होता. तो म्हणाला, बाबांना मी सगळं सांगितलं, तू सांगितलंस तसंच. आधी त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, रागावले. मग त्यांनी माझा हात ओढला, मनगट पकडलं. तू पकडलं होतंस ना, तसंच. आणि सोडेनात.

मी त्या कागदाची कड बोटानं सरळ केली.

"मी अजून रागावलेलोच आहे," आर्गिरिस म्हणाला. "तुला वाटेल, विसरला. विसरलो नाही. पण तूच म्हणतेस ना, नवीन आलेल्याला लगेच मोठ्या टाकीत सोडू नये. मोठी टाकी शहात्तर दिवस रिकामी ठेवायची होती. पंधरा झाले."

"एकसष्ट उरले," मी म्हटलं. या बाबतीत माझा हिशेब कधीच चुकत नव्हता.

"तर एकसष्ट दिवस तू येत जा. दुपारी तीनला. मी बघत राहीन."

"काय बघशील?"

"काही लपवतेस का. दगडाला अंग घासतेस का." त्याच्या ओठांचा कोपरा हलला, अगदी बाबांसारखाच. "आणि मीही काही फार बरा माणूस नाही. तूही बघून घे."

"आणि एकसष्टाव्या दिवशी?"

"कप्तान मोठ्या टाकीत जाईल. सोमवारी दारात मी जे बोलणार होतो, ते त्या दिवशी बोलेन."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, मग मी सांगितलं होतं त्याचं काय, माझं तर बोलून झालंय. तो म्हणाला, ते मी ऐकलंय. रोज ऐकतोय. आणि त्यानं हात पुढे केला, तळवा वर, मनगट उघडं. नखांत परत निळा रंग होता. मी ते मनगट धरलं. नाडी वेगानं चालली होती, मिनिटाला नव्वदच्या पुढे.

बाहेर सगळं शहर झोपलेलं होतं. दुकानात मात्र झोपलेलं कुणीच नव्हतं, मोठ्यानं बोललो असतो तरी चाललं असतं. पण काका परत येईपर्यंत आम्ही दोघं कुजबुजतच राहिलो.